पंधरा मिनिटं कोणी बोलू नये

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

आज एक अत्यंत महत्त्वाचं स्वप्न पडलं. काय पडलं ते आठवत नाही.

दोष माझा नाही. स्वप्न ऐन रंगात आलेलं असताना हिने खांदा धरून हलवलं आणि विचारलं, की रात्री गीझर बंद केला होता का. केला होता. गीझरही बंद होता आणि आता स्वप्नही बंद. छातीत धडधडत होतं, उशी एका बाजूने ओली होती. म्हणजे स्वप्न मोठंच असणार, साध्या स्वप्नाला कोणी एवढी तयारी करत नाही.

हाती लागलं ते इतकंच: एक जिना. कोणीतरी पुढे चाललंय, मी मागे.

हिला सांगितलं. ती म्हणाली, जिना आपल्या बिल्डिंगलाही आहे, उतरा आणि दूध घेऊन या.

दुपारी १.२०, कारखाना

सकाळी फॅमिली ग्रुपवर विचारलं होतं, की गेलेलं स्वप्न परत कसं मिळवावं. मेहुण्याला कुठल्याही विषयावर लेख सापडतो. अर्ध्या तासात आला. सारांश असा, की स्वप्न आठवणार की नाही हे माणूस उठतो कसा यावर ठरतं. दचकून उठलं, लगेच हललं, बोललं, कामाचा विचार केला, की गेलं. आपसूक जाग आली, तसंच डोळे मिटून पडून राहिलं, शेवटच्या चित्रापासून हळूहळू मागे गेलं, तर आठवतं.

वाचून हसू आलं. बावीस वर्षं मी गाद्यांच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. लोक झोपतात कसे यावर आख्खा कारखाना चालतो. लोक उठतात कसे हे बघायचं आजपर्यंत एकालाही सुचलं नाही. कोणीतरी लक्ष घालायलाच हवं होतं.

महिनाअखेरपर्यंत स्वप्न परत मिळवणार. जमल्यास साहेबांना प्रेझेंटेशनही देणार.

४ मार्च, मंगळवार

घरातले सगळे अलार्म बंद केले. आवाजाने उठणं म्हणजे स्वप्नाचा खून. माझ्या शरीराला घड्याळ आहे, ते मी सकाळी सहाचं लावून झोपलो.

आठ पंचवीसला जाग आली. कारखान्याची बस गेलेली. स्वप्न काही नाही. घाईघाईत दाढी करताना कापलं. पहिल्या दिवशी शरीराला थोडी सवलत द्यावी लागते.

५ मार्च, बुधवार

उशाशी वही ठेवली, पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधली. अंधारात जाग आली, स्वप्न ताजं होतं, दिवा न लावता लिहून काढलं. सकाळी वाचलं: ‘हिरवं. ती नाही म्हणाली. ३ नंबर.’ पुढचा मजकूर चादरीवर आहे आणि तो लागत नाही.

कारखान्यात गादीच्या खोळीला टाके घालणाऱ्या क्विल्टिंग मशीनवरच्या बाईंना दाखवलं. त्यांना डोकं आहे. त्या म्हणाल्या, परत आलेल्या मालाची तक्रार वाटतेय, तीन नंबरचं गोदाम बघा. जाऊन बघितलं. तिथे हिरवं काही नव्हतं.

ठकी म्हणाली, चादर धुवायला टाकू का जपून ठेवू. ठकी म्हणजे आमची लेक, वय चोवीस. पाळण्यातलं नाव फक्त शाळेला माहीत होतं. मी जपून ठेव म्हणालो. हिने धुतली.

७ मार्च, शुक्रवार

मेहुण्याचा दुसरा लेख. मध्ये मध्ये जाग आली की स्वप्नं जास्त सापडतात, म्हणून झोपण्याआधी भरपूर पाणी प्यावं. तीन ग्लास प्यायलो. चारदा जाग आली. चारही वेळा स्वप्न होतं, पण पडून राहून मागे मागे जायला सवड नव्हती, पुढे पुढे जावं लागलं. बाथरूमचा रस्ता मात्र तोंडपाठ झाला. पद्धत चांगली आहे, पण ती लिहिणाऱ्याचं वय कमी असावं.

८ मार्च, शनिवार

काल रात्री ठकीचं तिकीट आलं. तेवीस तारखेला सकाळी विमान, साडेपाचला टॅक्सी. परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी, दोन वर्षांचा करार. विमानाने नऊ तास.

मला त्याचं काही नाही. मुली नोकरीला जातात. मी सगळ्यांना पेढे वाटावेत इतका खुश आहे. पहाटे तीनपासून जागा होतो ते पाण्यामुळे.

पाणी काल बंद केलं होतं, असं ही म्हणाली. शरीरात साठून राहतं.

१० मार्च, सोमवार

नवीन मेमरी फोमची गादी टेस्टिंगला आली. ती घरी आणली. परवानगी घ्यायची राहिली, पण गादी झोपण्यासाठीच असते.

माझी मुख्य टेस्ट काठाची. लोक गादीच्या मध्यावर झोपतात, हे सगळ्यांना दिसतं. पण बसतात काठावर. आजारी माणसाजवळ बसतात, बूट घालायला बसतात, भांडण झाल्यावर पाठ करून बसतात. गादी आधी काठाला मरते. म्हणून मी काठावर वजन ठेवतो, उचलतो आणि किती सेकंदांत काठ पहिल्यासारखा होतो ते मोजतो. वजन आणि वेळ या दोन बाबतींत माझा अंदाज चुकत नाही. डोळे मिटून सांगतो.

या फोमचा अहवाल एकवीसला द्यायचा आहे. देऊ. आधी स्वप्न.

१२ मार्च, बुधवार

मोठी सुधारणा. अडथळ्याचं मूळ सापडलं. माणसं.

आज जाग अगदी आपसूक आली होती. डोळे मिटलेले, हात-पाय जागच्या जागी. जिना दिसत होता. एवढ्यात ठकी दारात येऊन म्हणाली, बाबा, थोडं बोलायचं होतं. जिना गेला.

मी तिला शांतपणे समजावलं. ही म्हणते, शांतपणे नव्हतं. ठकी सॉरी म्हणून गेली. काय बोलायचं होतं ते विचारायचं राहिलं, पण महत्त्वाचं असेल तर माणूस परत येतो.

संध्याकाळी बेडरूमच्या दारावर चिठ्ठी लावली. ठळक अक्षरात: ‘जाग आल्यावर पंधरा मिनिटं कोणी बोलू नये. हलवू नये. दार वाजवू नये.’ हिने खाली पेनने लिहिलं, श्वास घेतला तर चालेल का. मी ‘हळू’ असं लिहिलं.

१४ मार्च, शुक्रवार

नियमाचा परिणाम दिसू लागला. घरात सकाळी टाचणी पडली तरी ऐकू येईल. ठकी कॉफीचा मग टेबलावर ठेवते तेसुद्धा खाली रुमाल घालून.

आज स्वप्नाचे आणखी दोन तुकडे: एक बस आणि एक छोटी बॅग. बॅग पाठीवर आहे, पाठ दिसते, चेहरा दिसत नाही. मी पळतोय, पायात एकच चप्पल.

दिवसभर अर्थ लावला. बस म्हणजे ट्रान्सपोर्ट. बॅग म्हणजे पॅकिंग. जिना म्हणजे विक्रीचा वाढता आलेख. स्वप्न निःसंशय कारखान्याबद्दल आहे. चपलेचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

क्विल्टिंगच्या बाईंना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. मग म्हणाल्या, तुमची मुलगी कधी चाललीय हो? मी तारीख सांगितली आणि म्हटलं, विषय बदलू नका.

१६ मार्च, रविवार

झोप लागत नाही. फोम गरम होतो. कूस बदलली, उठलो, खिडकी उघडली, बंद केली, परत पडलो. स्वप्न मिळवायचं तर झोप हवी, आणि स्वप्नाच्या काळजीने झोप उडालेली. कात्रीत सापडलोय.

दुपारी ठकीच्या बॅगा भरल्या. विमानाला तेवीस किलोच चालतात. कारखान्यातून काटा आणला होता. मी मोठी बॅग हाताने उचलून साडेचोवीस म्हटलं, काट्याने साडेचोवीसच दाखवलं. ठकीला कौतुक वाटलं. मग म्हणाली, माझं सांगा. मी तिचं कोपर धरून जरा उचलल्यासारखं केलं आणि चौपन्न म्हणालो. काट्यावर चौपन्न. लहानपणी मी तिला बॉबिनच्या पेटीत बसवून तोलायचो, त्याची तिला आठवण होती. साडेअकरा किलो होतीस, म्हटलं. ती हसली आणि बॅगेतून दीड किलो पुस्तकं काढायला बसली. माझी जुनी निळी मफलर मात्र काढली नाही. मी म्हटलं, तिचं वजन दोनशे ग्रॅम आहे. ती म्हणाली, असू दे.

तेव्हाच तिने विचारलं, की विमानतळावर तुम्ही येणार ना? ही येणार नाही, हिला टॅक्सीत मळमळतं. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं, मीच तुला उठवणार, मीच सोडणार. टॅक्सीत तासभर आहे, तेव्हा बोलू तुझं काय ते. ती बरं म्हणाली.

१८ मार्च, मंगळवार

साहेबांपुढे प्रेझेंटेशन झालं. काही अंशी.

कल्पना अशी: काठाला हळूहळू फुगणारी हवेची पिशवी. ती माणसाला दचकवता उठवते. नाही, न दचकवता उठवते. प्रेझेंटेशनमध्येही हीच चूक झाली. पहाटे तीनपासून जागा होतो.

साहेबांनी विचारलं, की मेमरी फोमला काय आठवतं? मी म्हटलं, सध्या फक्त वजन, तेही मिनिटभर. ते म्हणाले, मग तेवढंच विकू. मी म्हटलं, प्रात्यक्षिक दाखवतो, आणि शोरूमच्या गादीवर आडवा झालो.

पुढचं क्विल्टिंगच्या बाईंकडून समजलं. मी पन्नास मिनिटं झोपलो. साहेबांनी मला उठवू दिलं नाही. मधल्या काळात एक गिऱ्हाईक जोडपं आलं आणि माझ्या शेजारची गादी घेऊन गेलं. माझ्या मते हे यशच आहे. स्वप्न पडलं की नाही ते सांगता येत नाही, कारण शेवटी उठवायला बाईंनी भिंतीपलीकडचं मशीन सुरू केलं.

२० मार्च, गुरुवार

ही चिडली. अगदी सकाळीच, पंधरापैकी चौथ्या मिनिटाला. म्हणाली, मुलगी तीन दिवसांनी जायचीय, सकाळचा एक चहा तिघं मिळून प्यायला मिळायचा तोही या चिठ्ठीने घालवला. ती पोर स्वयंपाकघरात चोरासारखी वावरते. तुमचं हरवलंय काय, एकदा मला सांगा.

मी म्हटलं, स्वप्न. एवढ्यांदा सांगितलंय.

तिने कपाळाला हात लावला. मी वहीत नोंद केली: चौथ्या मिनिटाला व्यत्यय.

नंतर अस्वस्थ वाटलं. काम करता करता मोजलेले सेकंद विसरलो, असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. चहा कमी करायला हवा.

२१ मार्च, शुक्रवार

फोमचा अहवाल दिला. काठ: वजन उचलल्यावर नव्वद सेकंदांत पूर्ववत, खूण राहत नाही. पास. सही केली. साहेब म्हणाले, आजचा दिवस जागे आहात ना. विनोदबुद्धी सगळ्यांना असते असं नाही.

२२ मार्च, शनिवार. रात्री ९.००

उद्याचा बेत पक्का. पावणेपाचला उठणार. पंधरा मिनिटं पडून राहणार, जमलं तर स्वप्न पकडणार. पाचला ठकीला उठवणार. साडेपाचला टॅक्सी.

ठकीने सुचवलं, की एका दिवसापुरता अलार्म लावू या. मी नाही म्हटलं. तीन आठवड्यांची साधना एका दिवसासाठी मोडायची नसते, आणि माझं शरीर आता सुतासारखं सरळ आलंय. (काल सात वीसला उठलो, पण काल मी पावणेपाच सांगितलेलंच नव्हतं.) हिने आपला फोन घेऊन उशीखाली सारला. किती वाजले ते बघायला असेल.

जेवताना ठकीने दोनदा माझ्याकडे बघितलं. मी तिला सीटबेल्टबद्दल माहिती दिली. उद्या टॅक्सीत तासभर आहेच.

चिठ्ठी काढू का, असं तिने झोपायला जाताना विचारलं. मी म्हटलं, परवापासून बघू.

२३ मार्च, रविवार. वेळ पाहिलेली नाही (नियमानुसार आधी लेखन)

मिळालं.

सगळं मिळालं. जाग आपसूक, अत्यंत हळू. हललो नाही. डोळे मिटून शेवटच्या चित्रापासून मागे गेलो आणि एकामागून एक येत राहिलं. आज अक्षरही लागतंय.

जिना शाळेचा आहे. पुढे चालणारी ठकी आहे, पाच-सहा वर्षांची, पाठीवर तिची ती छोटी बॅग. खाली बस उभी आहे. मी डबा द्यायला धावतोय, एक चप्पल निघून पडते. बस सुटते. ती मागच्या काचेतून बघत नाही, कारण तिला वाटतंय मी आलेलोच नाही. मी हाक मारतो, आवाज फुटत नाही. हेच तेव्हाचं स्वप्न. नक्की हेच. कारखान्याचा यात काही संबंध दिसत नाही.

पण इथे ते संपत नाही. पुढचा भाग नवीन आहे आणि फार स्पष्ट आहे. तीच ठकी मोठी होऊन खोलीत येते. दार न वाजवता. गादीच्या डाव्या काठावर बसते. काठ दबतो. दाब चौपन्न किलो, वेळ साधारण दोन मिनिटं. माझ्या कपाळावर हात ठेवते, हात गार आहे, नुकताच धुतलेला, साबणाचा वास. (स्वप्नात वास येणं दुर्मीळ. मेहुण्याला कळवणे.) गळ्यात माझी निळी मफलर. अगदी हळू म्हणते, बाबा, बोलायचं एवढंच होतं की मला भीती वाटतेय, पण तुम्ही झोपा. मग म्हणते, जाते मी. काठ हलका होतो. दाराशी एकदा थांबते. कुठेतरी गाडीचं दार लागतं.

सतरा ओळी. सलग. एकही तुकडा गहाळ नाही. तीन आठवडे ज्यांनी मला हसून घेतलं त्यांना आता वाचून दाखवतो. आधी ठकीला. तिला उठवायचंय.

६.०५

घड्याळ पाहिलं.

६.४०

स्वयंपाकघरात ही एकटी बसली होती. टेबलावर तीन कप. एकातली कॉफी पिऊन झालेली, एकात चहा तसाच, साय धरलेला. तो माझा.

हिला वही दाखवली. तिने सतरा ओळी वाचल्या, आणि शेवटच्या सात ओळींवर बोट ठेवून म्हणाली, हे स्वप्न नाही.

ही पावणेपाचला उठली होती. फोन उशीखाली थरथरला म्हणे. मला उठवायला आली, खांद्यावर हात ठेवणार तेवढ्यात मागून ठकीने तिचा हात धरला. म्हणाली, आई, नको, पापण्या हलतायत बघ, त्यांचं स्वप्न चाललंय. पाच वाजता परत आली. पाच वीसला परत. टॅक्सीवाल्याचा फोन आला तेव्हा ही म्हणाली, आता मी उठवतेच. ठकीने दारावरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं आणि आत जाऊन बसली.

मी म्हटलं, तू तरी उठवायचं होतंस. ही म्हणाली, ठकीने मला शपथ घातली. मग थोड्या वेळाने, मी न विचारता म्हणाली, टॅक्सीत बाबा शेजारी बसले असते तर मला जाववलं नसतं, असं ठकी म्हणत होती. मग ही रडली. मीही. आमच्या घरात हे एकत्र करायची पद्धत नाही, त्यामुळे जरा अवघडल्यासारखं झालं.

फोन लावला. लागला नाही. रस्त्यात बोगदा आहे.

७.१५

ठकीचा मेसेज: बाबा, पोचले. बॅग तेवीसच भरली. स्वप्न आठवलं का?

तीनदा लिहून खोडलं. मग लिहिलं, आठवलं. सगळं. भीती वाटते ते पण. मलाही वाटतेय, तीन आठवड्यांपासून.

निळ्या दोन खुणा आल्या. फोन वाजला. बोललो अकरा मिनिटं. त्यात सात मिनिटं कोणी काही बोललं नाही, पण फोन ठेवलाही नाही. मग तिची रांग पुढे सरकली.

७.४०

चिठ्ठी काढली. चिकटपट्टीबरोबर दाराचा रंगही निघाला.

पांघरूण बाजूला करून गादीचा डावा काठ बघितला. हात फिरवून बघितला, वाकून उजेडात बघितला. सपाट. नव्वद सेकंदांत पूर्ववत, खूण राहत नाही. परवाच मी पास केलाय.